वाचकांचे प्रश्न : वर्गातलं साहित्य – कोणतं, किती आणि कधी बाजूला ठेवायचं

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं शैक्षणिक साहित्याबद्दल होती. त्यातले एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : दुसरीचा वर्ग आहे, पट ४०. हातच्याची वजाबाकी शिकवताना मी टेबलावर दशकाचे दांडे आणि सुटे ठोकळे मांडून दाखवते. तेव्हा मुलं एकसुरात बरोबर उत्तर देतात. वहीत मात्र ५२ − २७ चं उत्तर निम्म्या वर्गाचं ३५ येतं. साहित्य कमी पडतंय का? संच घ्यायचे तर किती घ्यावेत?

उत्तर : ठोकळे तुम्ही हलवताय आणि मुलं बघताहेत, अडचण तिथेच आहे. एकसुरात आलेलं उत्तर पुढच्या पाच-सहा जणांचं असतं, बाकीचे त्यांच्या मागे सूर लावतात.

पण आधी त्या ३५ कडे नीट बघा. हे एकच उत्तर दोन वेगळ्या चुकांमधून येतं. पहिल्या प्रकारातलं मूल एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ वजा करतं, ५ लिहितं, मग ५ मधून २ गेले ३. दुसऱ्या प्रकारातलं मूल दशक मोडून १२ मधून ७ बरोबर वजा करतं, पण दशकाच्या घरातला ५ चा ४ करायला विसरतं. वहीत दोघांचंही ३५. पहिल्याला दशक मोडायचा असतो हेच कळलेलं नाही, दुसऱ्याला सगळं कळलंय, फक्त नोंद राहिली. दोघांना एकच उपाय चालणार नाही. ठोकळे मुलाच्या हातात दिले की दोघं लगेच वेगळे ओळखू येतात. पहिला २ सुट्यांसमोर अडून बसतो, कारण त्यातून ७ उचलताच येत नाहीत. दुसरा १० सुटे घेतो आणि दशकाचा दांडा मात्र आपल्याकडेच ठेवतो.

आता कृती. दोघांत एक संच. दोघांच्या मध्ये एक डबा, ती ‘बँक’. एका मुलाकडे ठोकळे, दुसऱ्याकडे वही, प्रत्येक उदाहरणानंतर अदलाबदल. पहिल्याने ५ दांडे आणि २ सुटे मांडायचे. ७ सुटे उचलता येत नाहीत, म्हणून एक दांडा आधी बँकेत टाकायचा, मगच १० सुटे घ्यायचे. हा क्रम सोडू देऊ नका, दुसऱ्या प्रकारची चूक यानेच थांबते. दांडा बँकेत पडताक्षणी वहीवाल्याने ५ खोडून ४ लिहायचा, सुटे आल्यावर २ खोडून १२. मग ७ सुटे उचलायचे, उरले ५. दोन दांडे उचलायचे, उरले २. आधी सगळं ठोकळ्यांनी करून शेवटी वहीत उतरवलं, तर मुलाच्या लेखी ठोकळे आणि वही ही दोन वेगळी कामं होतात. तुमच्या वर्गात बहुधा तेच झालंय. प्रत्येक हालचालीला एक नोंद, हे बंधन पाळलं तर पाच-सहा उदाहरणांत फरक दिसू लागतो.

संख्या किती लागेल? शंभराच्या आतल्या वजाबाकीत दशक मोडल्यावर जास्तीत जास्त १८ सुटे हातात येतात आणि दांडे ९ च्या वर जात नाहीत. म्हणून जोडीमागे २० सुटे आणि १० दांडे पुरतात. ४० च्या पटाला ४०० सुटे, २०० दांडे, आणि हरवाहरवीसाठी दहावा हिस्सा जास्त. तीन अंकी संख्या घ्यायच्या तर दांडे २० करा आणि जोडीमागे ९-१० शतकाच्या पाट्या वाढवा. इतके संच नसतील तर अर्ध्या वर्गाला ठोकळे, अर्ध्याला लेखी काम असं आलटूनपालटून चालवा. चौघांत एक संच देऊ नका, दोघं खेळतात आणि दोघं बघत बसतात.

साहित्याचा क्रमही महत्त्वाचा. सुरुवात काड्यांनी करावी : १० काड्यांना रबर लावून गठ्ठा. गठ्ठा सोडला की त्याच १० काड्या हातात येतात, त्यामुळे दशक म्हणजे दहा सुटे हे सांगावं लागत नाही. ठोकळ्याचा दांडा सुटत नाही, तो देऊन बदल्यात सुटे घ्यावे लागतात, म्हणजे थोडा विश्वास ठेवावा लागतो. पण लांबी दहापट असल्याने मूल सुटे ओळीत लावून ताडून बघू शकतं. नोटा-नाण्यांत तेवढाही आधार नाही. दहाची नोट एकाच्या नाण्याच्या दहापट मोठी नसते, तिची किंमत मानून चालायची असते. म्हणून काड्या, मग ठोकळे, मग खेळातल्या नोटा. पहिल्याच दिवशी नोटा वाटल्या की गोंधळ ठरलेला.

खेळातल्या नोटा हुबेहूब खऱ्यासारख्या असाव्यात, असा आग्रह अनेकांचा असतो. निकोल मॅकनील आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नोटा-नाणी वापरून शाब्दिक उदाहरणं सोडवणाऱ्या मुलांच्या चुका जास्त झाल्या. गंमत म्हणजे त्या चुकांमध्ये संकल्पनेच्या चुका मात्र कमी होत्या. आमचं मत असं : व्यवहार समजून घ्यायचा असेल तेव्हा खऱ्यासारख्या नोटा घ्या, आकडेमोडीचा सराव करायचा असेल तेव्हा साध्या कागदावर आकडा लिहिलेल्या.

आणि ठोकळे काढून कधी घ्यायचे? मूल हात न लावता, समोर ठेवलेल्या ठोकळ्यांकडे नुसतं बघून ‘एक दांडा बँकेत, बारा सुटे झाले’ असं बोलू लागलं की. त्यानंतर दांड्यांऐवजी उभ्या रेघा, सुट्यांऐवजी टिंबं काढायला सांगा. रेघ खोडून दहा टिंबं काढणारं मूल आठवड्याभरात टिंबंही सोडून देतं. ठोकळ्यांवरून एकदम नुसत्या अंकांवर उडी मारली की ३५ परत येतो.

प्रश्न : पहिलीसाठी अक्षरकार्डं विकत घ्यावीत की करावीत? तयार कार्डं दिसायला सुंदर आहेत, पण मुलं चित्र बघून शब्द बोलतात, अक्षर कोणी बघतच नाही.

उत्तर : सुंदर कार्डांचा हाच दोष आहे. चित्र आणि अक्षर एकाच बाजूला असेल तर मूल सोपं काम निवडणार. कार्ड कोणतंही असो, परीक्षा एकच : अंगठ्याने चित्र झाका आणि विचारा. बोलता आलं नाही तर आतापर्यंत झालेलं वाचन चित्राचं होतं. स्वतः करणार असाल तर अक्षर पुढे, चित्र मागे. मूल अक्षर वाचतं, मग कार्ड उलटून आपलं आपण तपासतं.

चित्र निवडताना ते मुलांना दाखवून आधी नाव विचारा. ‘ह’ साठी हंस काढला तर निम्मी मुलं ‘बदक’ म्हणतात. ‘प’ साठी पक्षी काढला तर ‘चिमणी’. ‘फ’ साठी फूल काढलं तर कुणी ‘गुलाब’. ज्या चित्राला दहापैकी दहा मुलं एकच नाव देतात तेच घ्या. ‘ण’ आणि ‘ळ’ ने मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तिथे बाण, बाळ असेच शब्द लागतात. अशा कार्डावर पूर्ण शब्द लिहून ते एक अक्षर वेगळ्या रंगात काढा, नाहीतर मूल बाण बघून ‘ब’ म्हणेल आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. ‘च’ ची दोन कार्डं करा, एक चाकाचं आणि एक चंद्राचं. दोन्ही उच्चार मुलाच्या तोंडात आधीपासून आहेत, कार्डावर एकच असेल तर दुसरा वाचताना ते अडखळतं.

संगणकावर अक्षरं छापणार असाल तर फॉन्ट तपासा. अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. पुस्तकात एक वळण आणि कार्डावर दुसरं असेल तर पहिलीतलं मूल त्यांना दोन वेगळी अक्षरं समजतं. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष या जोड्या एकाच आठवड्यात ओळख करून देऊ नका. एक पक्कं झालं की मग दुसरं आणा, आणि तेव्हा मुद्दाम दोन्ही शेजारी ठेवून फरक बोटाने गिरवून घ्या.

आकार : सहा-सात मुलांच्या गटासाठी १० × १५ सेंमी पुरतं, सगळ्या वर्गाला दाखवायचं तर ए-४ पेक्षा लहान नको. लॅमिनेशन चकचकीत नसावं. ट्यूबलाइटची तिरीप कार्डावर पडली की एका बाजूच्या बाकांवरून अक्षराऐवजी पांढरा पट्टा दिसतो, आणि कार्ड धरणाऱ्याला ते कळतही नाही.

प्रश्न : वर्ग ‘बोलका’ असावा म्हणतात. आमच्या वर्गाच्या चारही भिंती तक्त्यांनी भरल्या आहेत. यातलं किती ठेवावं?

उत्तर : बरंचसं काढावं. अ‍ॅना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी २०१४ साली बालवर्गातल्या २४ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच विज्ञानाचे पाठ, कधी भरगच्च सजवलेल्या खोलीत, कधी मोकळ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ विचलित राहिलं आणि शिकणंही कमी झालं. प्रयोग लहान आहे, त्यावरून भिंती अगदी ओक्याबोक्या कराव्यात असा निष्कर्ष निघत नाही. पण बोलक्या भिंती सगळ्या एकदम बोलायला लागल्या तर कोणाचंच ऐकू येत नाही.

फळ्याची भिंत रिकामी ठेवा. मुलं तासभर जिकडे तोंड करून बसतात तिथे फळ्याखेरीज काही नको. बाजूच्या भिंतींवर सध्याच्या पाठाशी संबंधित दोन-तीन तक्ते. मागची भिंत मुलांच्या कामासाठी. पाठ संपला की तक्ता उतरवायचा. महिनाभर एकाच जागी राहिलेल्या तक्त्याकडे कोणी बघत नाही. विश्वास बसत नसेल तर एखादा तक्ता उलटा टांगून ठेवा आणि किती दिवसांनी कोणाच्या लक्षात येतं ते बघा.

अक्षराच्या उंचीचा अंदाज असा : दर ३ मीटर अंतराला २.५ सेंमी. शेवटचा बाक ७.५ मीटरवर असेल तर सुमारे ६ सेंमी. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या बुडापर्यंत मोजा, वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार त्यात धरू नका. त्यांच्यासाठी दोन ओळींत अक्षराच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. या हिशोबाने एका तक्त्यावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त मजकूर बसतच नाही, आणि ते बरंच आहे. पांढऱ्यावर पिवळं लिहू नका. लाल आणि हिरवा एवढ्याच फरकावर अर्थ अवलंबून ठेवू नका. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना जास्त, तो फरक दिसत नाही. रंगासोबत आकार किंवा रेघांची जाळी वापरा.

प्रश्न : चंद्राच्या कला शिकवण्यासाठी तयार मॉडेल आहे : मधे दिवा, भोवती पृथ्वी, तिला तारेने जोडलेला चंद्र. ते दाखवूनही ‘पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र अर्धा दिसतो’ असंच उत्तर येतं. का?

उत्तर : कारण तुमचं मॉडेल तेच दाखवतं! तारेवरचा चंद्र पृथ्वीला इतका चिकटून आहे की दर फेरीला तो सावलीत शिरतो. प्रमाणात पाहिलं तर ३० सेंमी व्यासाच्या पृथ्वीगोलाला सुमारे ८ सेंमी व्यासाचा चेंडू चंद्र म्हणून लागेल, आणि तो ९ मीटर दूर धरावा लागेल. हे एकदा मैदानात किंवा व्हरांड्यात करून दाखवाच. आधी मुलांना चेंडू किती लांब धरायचा ते विचारा. बहुतेक जण हातभर सांगतात. (याच प्रमाणात सूर्य ३२-३३ मीटर व्यासाचा आणि साडेतीन किलोमीटर दूर येतो, तेव्हा त्याची नुसती कल्पना करू द्या.)

कलांसाठी तयार मॉडेल कपाटातच राहू द्या. अंधारी खोली, मधोमध उघडा दिवा, मुलं त्यापासून दीड-दोन मीटरवर गोलात उभी. प्रत्येकाच्या हातात काडीला खोचलेला ५ ते ८ सेंमीचा पांढरा, चमक नसलेला चेंडू. गुळगुळीत चेंडूवर दिव्याचा ठिपका चमकतो आणि अर्धगोल उजळलेला दिसत नाही. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात ताणून चेंडू डोक्यापेक्षा थोडा उंच धरायचा. दिव्याकडे तोंड : चेंडूची अंधारी बाजू आपल्याकडे, अमावास्या. तिथून डाव्या हाताला पाव वळण : दिवा उजवीकडे आला, चेंडूची उजवी बाजू उजळली, शुक्ल पक्षातला अर्धा चंद्र. पाठ दिव्याकडे : पौर्णिमा. आणखी पाव वळण : डावी बाजू उजळलेली, वद्य पक्ष. मधले चार टप्पे धरून आठ जागी थांबायचं आणि प्रत्येक जागी वहीत उजळलेला भाग रंगवायचा. दोघांत एक चेंडू असेल तर एकाने फिरायचं, दुसऱ्याने रंगवायचं, पण रंगवणाऱ्याने फिरणाऱ्याच्या खांद्यामागून बघायला हवं. समोरून बघितलं तर त्याला भलतीच कला दिसते.

पौर्णिमेच्या जागी मुद्दाम चेंडू खाली आणायला सांगा. डोक्याची सावली त्यावर पडते, ते ग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने एरवी तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो, हे इथे एका वाक्यात सांगून होतं. सावलीचं उत्तर देणाऱ्या मुलांना ‘सावली पडते ती हीच, आणि ती क्वचित’ हे स्वतःच्या डोक्याच्या सावलीवरून कळतं.

प्रश्न : वर्गात प्रोजेक्टर आला आहे. व्हिडिओ लावला की शांतता असते, पण नंतर विचारलं तर पार्श्वसंगीत आणि कार्टूनच आठवतं.

उत्तर : शांतता म्हणजे लक्ष असं समजू नये. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांमधून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की विषयाशी संबंध नसलेली मनोरंजक भर, म्हणजे संगीत, गमतीदार चित्रं, चटकदार माहिती, काढून टाकली की शिकणं सुधारतं. मूल जे चमचमीत ते लक्षात ठेवतं.

व्हिडिओ आदल्या दिवशी एकदा पूर्ण बघा आणि थांबायच्या जागा मिनिट-सेकंदासह कागदावर लिहा. दहा मिनिटांच्या व्हिडिओतली कामाची तीन-चार मिनिटं निघतात, तेवढीच दाखवा. लावण्याआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर बघूनच मिळेल. पहिलं अर्ध मिनिट आवाज बंद ठेवून ‘काय चाललंय?’ विचारा. थांबायच्या जागी ‘आता पुढे काय होईल?’ आणि हात वर येईपर्यंत थांबा. शेवटी पडदा बंद करून आठवणीतून आकृती काढायला लावा, मगच तोच तुकडा पुन्हा दाखवून आकृती सुधारून घ्या. दुसऱ्यांदा बघताना मुलं खरं बघतात.

स्लाइड स्वतः करत असाल तर पडद्यावरची वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवू नका. मूल एकाच वेळी वाचतं आणि ऐकतं, आणि चित्राकडे बघायचं राहून जातं. पडद्यावर चित्र, तोंडाने स्पष्टीकरण. परक्या भाषेतला व्हिडिओ किंवा कमी ऐकू येणारं मूल असेल तेव्हा मात्र खालची अक्षरं हवीतच.

प्रश्न : विद्युत परिपथासाठी एलईडी आणि सेल वाटले. निम्मे एलईडी लागलेच नाहीत, काही एकदाच लागून गेले.

उत्तर : एक सेल दीड व्होल्टचा, आणि लाल एलईडीला सुमारे १.८ ते २ व्होल्ट लागतात, त्यामुळे एका सेलवर तो लागत नाही. दोन सेल एकापाठोपाठ जोडा, सोबत १०० ओहमचा रोधक. लांब पाय धन टोकाला, उलट जोडला तर प्रवाह जात नाही. जे एकदाच लागून गेले ते बहुधा रोधकाशिवाय ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेले असावेत. निळा किंवा पांढरा एलईडी टाळा, त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि दोन सेलवर तो मिणमिणतो.

पहिल्या ओळखीला मात्र एलईडीपेक्षा २.५ व्होल्टचा तारेचा छोटा बल्ब बरा. तो कोणत्याही बाजूने लागतो, आणि ‘एक सेल, दोन सेल’ हा प्रकाशातला फरक डोळ्यांना दिसतो. सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडू देऊ नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. लहान मुलांच्या वर्गात बटण सेल अजिबात नकोत. गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते.

प्रश्न : इंटरनेटवरची वर्कशीट मराठीत करून इतर शिक्षकांना पाठवली तर चालतं का?

उत्तर : परवान्यावर अवलंबून आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने काही अटींवर इतरांना वापराची मुभा देणारा खुला परवाना, त्याच्या अटी इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेल्या असतात. त्यात ‘बीवाय’ असेल तर मूळ निर्मात्याचं नाव द्यायचं. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एसए’ म्हणजे तुमचं रूपांतरही त्याच परवान्याखाली द्यायचं. ‘एनडी’ असेल तर बदल करून वाटता येत नाही, आणि भाषांतर हा बदलच. परवाना लिहिलेलाच नसेल तर हक्क राखीव आहेत असं धरून परवानगी मागा.

प्रश्न : साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यातच १५ मिनिटं जातात. मुलं ठोकळ्यांचे मनोरे बांधत बसतात.

उत्तर : मनोरे बांधू द्या, पण आधी. नवं साहित्य पहिल्यांदा हातात येतं तेव्हा दहा मिनिटं मोकळा खेळ द्या. ती हौस फिटली नाही तर ती तुमच्या गणिताच्या वेळात फिटते.

वाटपासाठी सुटं साहित्य कधीच वर्गात आणू नका. जोडीमागे एक डबी किंवा पिशवी, झाकणावर क्रमांक आणि आत काय, किती ते. न वाचणाऱ्या मुलांसाठी आकडा नको, चित्र काढा : दहा चौकोनांच्या दोन ओळी, त्यावर २० सुटे ठेवले की एकही चौकोन रिकामा राहता कामा नये. मोजणी आपोआप होते. ओळीतल्या पहिल्या बाकावर त्या ओळीच्या डब्या तास सुरू होण्याआधी ठेवा, मागे सरकवत नेण्यात मिनिटही जात नाही. सूचना देताना डबी बंद असावी. ठोकळे समोर असताना दिलेली सूचना निम्म्यांना ऐकू येत नाही. गोळा करायला तास संपायच्या पाच मिनिटं आधी सुरुवात करा, आणि जमिनीवर सापडलेल्या तुकड्यांसाठी दाराशी एक वेगळी बरणी ठेवा. शुक्रवारी-शनिवारी त्या बरणीतून डब्या पुन्हा भरून घ्यायचं काम दोन मुलांकडे द्या, त्यांचाही मोजण्याचा सराव होतो.